गरम कोपरा

आमची ताई कपडे शिवायची आणि सुट्टीच्या दिवशी ओटच्या वड्या भाजायची. खाली ओट, लोणी आणि साखरेचा दाबलेला थर, मध्ये शिजवलेली सफरचंदं आणि आलुबुखार, वर त्याच ओटचा भुगा. ओव्हनमधून ट्रे निघाला की गार होईपर्यंत सुरी लावायची नाही, हा तिचा कायदा. गरम कापलं की आतलं फळ वाहून जातं.

कायदा सगळ्यांना, फक्त भावाला नाही. आई गेल्यावर ताईनेच आम्हा दोघांना वाढवलं, पण लाड सगळे त्याचे. त्याने हात पुढे करून "ताई, गरम कोपरा" म्हटलं की ही बया एक कोपरा कापून द्यायची आणि खाचेतून गळणारं फळ चमच्याने थोपवत उभी राहायची. मी मागितला तर हातावर फटका. स्वतः तिने तो कधी चाखलाही नाही.

भावाने बेकरी काढायचं ठरवलं तेव्हा म्हणाला, "भट्टी तुझी, ताई. तुझ्याशिवाय आहे कोण मला?" ताई हुरळली. गिऱ्हाइकं दुसऱ्या शिंपिणीकडे पाठवली, शिलाई मशीनही तिलाच देऊन टाकलं. मी म्हटलं, अगं, आधी दुकान तर उघडू दे. तर म्हणे, तुझ्या तोंडात कधी चांगलं म्हणून येत नाही.

दुकान उघडलं त्या दिवशी ताईने भला मोठा ट्रे काउंटरवर गार करायला ठेवला होता. पाहुणे जमले, बहुतेक वहिनीच्या माहेरचे. भावाला चेव आला. सगळ्यांसमोर हात पुढे करून म्हणाला, "ताई, गरम कोपरा." ताईला काय होणार ते कळत होतं. तरी कापला. त्याला नाही म्हणायची सवयच नव्हती मेलीला.

"आम्हालाही," पाहुणे म्हणाले.

"दे गं सगळ्यांना," भाऊ म्हणाला.

वड्या उचलेनात. फळ काउंटरवरून ओघळून वहिनीच्या नव्या चपलांवर सांडलं. भाऊ हसत हसत पाहुण्यांना म्हणाला, "वय झालंय हो तिचं. भट्टीवर माणूस ठेवलाय मी."

माणूस म्हणजे वहिनीचा मामेभाऊ. सकाळपासून एप्रन घालून उभा होता, आणि आम्हाला वाटत होतं मदतीला आलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ताईने माझा दंड घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने काउंटर पुसून काढलं.

पुढच्या सुट्टीला भाऊ तिच्या घरी आला. ट्रे नुकताच निघाला होता. जणू काही झालंच नाही अशा थाटात त्याने हात पुढे केला. ताईने सुरी उचलली. मला बघवेना.

"गार होऊ दे," ताई म्हणाली. "बस तोवर."

त्याला बसायला वेळ नव्हता. वहिनी खाली गाडीत थांबलीय म्हणाला आणि गेला.

दार लागल्यावर ताईने कोपरा कापला आणि तसाच गरम तोंडात टाकला. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, तरी चावत राहिली.

"काय होतं गं यात एवढं?" तिने विचारलं, आणि दुसरा कोपरा कापून माझ्यापुढे धरला.

इतकी वर्षं मागत होते, पण मला तो गिळवेना.