घरचा फोन, पाव्हणा फोन

माणसांवर आंधळा विश्वास ठेवणारा आणि त्याच माणसांच्या हातातल्या फोनवर काडीचाही विश्वास न ठेवणारा माझ्या साडभाऊंसारखा गृहस्थ साऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. मोटारसायकलची किल्ली ते अर्ध्या ओळखीच्या माणसालाही देत, वर "सावकाश या रेणापूरहून, घाई न्हाई" असंही म्हणत. पण त्यानेच जरा वायफाय मागितलं की यांच्या कपाळाला आठी. मी तर त्यांच्या सख्ख्या मेहुणीचा नवरा. एकाच तालुक्याच्या कचेरीत आम्ही दोघं, मी टँकरच्या टेबलावर आणि ते संगणकांवर. त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना मीही एकदा वायफाय मागून पाहिलं. यांनी आधी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग म्हणाले, "साडभाऊ, नातं तुमचं माझ्याशी हाय. तुमच्या फोनशी माझं काय नातं न्हाई." आता बोला!

आमच्या गावाचा जिल्हा होणार, अशी हूल दर दोन-तीन वर्षांनी उठते. अशाच एका हुलीत कचेरीला नवे संगणक आले. नवा जिल्हा काही आला नाही, दुष्काळ मात्र न चुकता आला. कोणत्या गावाला टँकरच्या रोज किती खेपा, याची सगळी यादी त्या संगणकांत. ग्रामसेवकांनी ती फोनवर उघडायची आणि टँकर पोचला की खूण करायची. यादीचा पासवर्ड सगळ्यांना मिळून एकच. तो सगळ्यांना पाठ होताच, शिवाय नव्या माणसाची अडचण नको म्हणून कुणीतरी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात लिहून ठेवला होता. साडभाऊंनी तो पाहिला आणि त्या दिवशी त्यांना खरोखरच एकादशी घडली. दुसऱ्या दिवशी ते हातभर लांबीचं रजिस्टर घेऊन हजर. "पासवर्ड काय, कुणाच्या बी तोंडात असतो," ते म्हणाले, "दारात कोण उभं हाय ते बघायचं." मग यादी उघडणाऱ्या प्रत्येक यंत्राची त्यांनी तीन प्रकारांत वाटणी केली: घरचं, पाव्हणं आणि उपरं. कचेरीतले संगणक आणि आम्हा दोघा-तिघांचे फोन घरचे. खेपा वाढवण्या-घटवण्याचा मान फक्त त्यांना. ग्रामसेवकांचे फोन पाव्हणे. त्यांनी ओसरीवर बसावं, आपल्या गावापुढे खूण करावी आणि निघावं. उरलेले सगळे उपरे, त्यांना उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. शिवाय कोणत्या यंत्राने काय बदललं, याची नोंद संगणक आपोआप ठेवू लागला.

या वाटणीने आमचा जीव नकोसा केला. साहेब मूळचे कंधारचे, तापट. त्यांनी नवा फोन घेतला आणि लातूरच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, यादी उघडेना. तिथून त्यांनी फोनवर जो दांडपट्टा फिरवला तो शेजारच्या खोलीत ऐकू आला. साडभाऊ थंडच. "साहेब, तुम्ही घरचेच. फोन नवा हाय, त्याला बघावं लागंल." शेवटी साहेबांना तो फोन, मुलगी दाखवायला आणावी तसा, यांच्यापुढे आणावा लागला. माझ्या फोनची फुटलेली काच बदलली तेव्हा तर उलटतपासणीच झाली: दुकानात किती वेळ होता, कुणाच्या हातात होता, तुम्ही समोर होते का चहाला गेलते? म्हणून पुढे मी नवा फोन घेतला आणि त्यांनी "जुना कुठाय?" असं विचारलं, तेव्हा कटकट नको म्हणून मी बेधडक सांगून टाकलं, "कपाटात." तो होता सासरवाडीला, आणि रजिस्टरात घरचाच राहिला. आमच्याकडे जावयाचा जुना फोन मेहुण्याकडे जातो, त्यात कुणाला विचारायचं काय असतं?

त्यानंतर पंधरा दिवसांनी सासरवाडीच्या खालच्या वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत आल्या. चार खेपांच्या दोनच झाल्या होत्या. "लेकरं तशीच निजून राहिलीत, साहेब," एक म्हातारी म्हणाली आणि घागर माझ्या टेबलावर उपडी ठेवली. थेंब पडला नाही. सगळ्यांनी टँकरवाल्याला धारेवर धरलं. साडभाऊ म्हणाले, "कुणी केलं ते मागाहून. कशावरून झालंय ते बघू." मला शेजारी बसवून त्यांनी नोंद उघडली. वस्तीच्या दोन खेपा काढून वरच्या गावाला, म्हणजे आमच्या सासरवाडीला, जोडलेल्या होत्या. यंत्र घरचं. माझा जुना फोन.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी डोळ्यांपुढे दिसू लागली. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी अक्षरशः हात जोडले. "पुसून टाका ती नोंद. कुणाला कळतंय? तिथं आपली सासूच पाणी भरून राहिली ना?"

"हाव," ते म्हणाले, "अन् वस्तीवर बी कुणाची तरी सासूच भरून राहिली." चष्मा काढून त्यांनी तो उगाच बराच वेळ पुसला. "नोंद पुसता येती, साडभाऊ. पण पुसली, तर मग मीच उपरा की."

त्यांनी अहवाल लिहिला, सासरवाडीच्या नावासकट. त्यात एक ओळ होती: 'फोन यांचा, हात यांचा नव्हे.' त्या ओळीने माझी नोकरी वाचली. नुसत्या नोटिशीवर निभावलं. वस्तीच्या खेपा परत सुरू झाल्या. आमच्या घरात मात्र भडका उडाला. "दाजींनी माझ्या माहेरचं पाणी तोडलं!" बायको म्हणाली. मीही महिनाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. राग त्यांचा होता की माझ्याच खोटं बोलण्याचा, कोण जाणे.

अधिक महिना त्या वर्षी कोरडाच आला. धोंड्याच्या जेवणाला सासऱ्यांनी मला बोलावलं, थोरल्या जावयाला नाही. पुरणाचे धोंडे मी पानातच सोडले. निघताना सासूबाईंनी पदराआडून एक पितळी डबा हातात दिला. "त्यांना द्या. तुमच्या मामंजींना नका सांगू." मी तो घेऊन कचेरीत गेलो. साडभाऊ एकटेच खारे शेंगदाणे खात बसले होते. "कुणाकडून?" त्यांनी सवयीने विचारलं, मी सांगितलं, त्यांनी सवयीनेच रजिस्टर ओढलं. 'पितळी डबा, एक. सासूबाई.' तिसऱ्या, घरचं-पाव्हणं-उपरं लिहायच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"लिहा की, घरचं," मी म्हणालो.

"ते मी कसं ठरवू?" म्हणाले, आणि रकाना तसाच ठेवून खाली मान घालून जेवू लागले. मला त्यांचा फार लळा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. सांगता मात्र आलं नाही.

पुढे त्यांची नांदेडला बदली झाली आणि रजिस्टर माझ्याकडे आलं. परवा सासऱ्यांनी मला बोलावून, दुसरीकडे बघत, सांगितलं, "औंदा धोंड्याला दोघं बी जावई या." मी कचेरीत येऊन ते जुनं पान काढलं, रिकाम्या रकान्यात 'घरचं' असं लिहिलं आणि लगेच साडभाऊंना फोन लावला. निरोप सांगितला, रकान्याचंही सांगितलं. पलीकडे त्यांनी घसा खाकरला.

"साडभाऊ," आवाज जड झाला होता, "हे तुम्ही कोणत्या फोनवरून बोलून राहिले?"