सुपरवायझरच्या हातातला चंद्र

डोक्यावरून विमान गेलं की काकू बोलणं अर्ध्यावर सोडून वर बघायच्या. "भात आणि छोले," म्हणायच्या. "मागच्या रांगांपर्यंत पुरणार नाहीत. मग ओरडतील." आणि तुटलेलं वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे उचलायच्या. लंडनमधल्या ईलिंगच्या बसथांब्यावर तुम्ही त्यांच्या शेजारी दहा मिनिटं उभे राहिला असतात, तर तुम्हालाही विमानं पोटातून दिसायला लागली असती.

सव्वीस वर्षं त्यांनी विमानतळाजवळच्या एका कारखान्यात प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरले. फ्रीजसारखा थंड हॉल, खिडकी एकही नाही, पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. एवढ्या वर्षांत स्वतः भारतात गेल्या त्या दोनदा, दोन्ही वेळा घरातलं कुणी गेल्यावर. घरी ताट वाढतानाही फळ उजवीकडे आणि रुमालात गुंडाळलेला चमचा डावीकडे. मी एकदा चमचा हलवला, तर त्यांनी तो परत जागेवर ठेवला.

मी त्या कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे. नागपूरहून शिकायला आले होते आणि या कामात पडले. काकूंनी माझं पहिलं पत्रक उभ्यानेच पूर्ण वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "शोषण चार वेळा लिहिलंयस. जेवलीस का?"

त्या संकष्टी करायच्या. लॉकरच्या दारावर मराठी कॅलेंडर चिकटवलेलं, त्यात चंद्रोदयाची वेळ मुंबईची. मी म्हटलं, काकू, मुंबईचा चंद्र इथे कसा चालेल?

"इथे सुपरवायझर ब्रेक देईल तेव्हा चंद्रोदय," त्या म्हणाल्या.

त्या हसत म्हणाल्या, पण होतं तसंच. ब्रेक सातला मिळाला तर उपास सातला सुटायचा, नऊला मिळाला तर नऊला. माणसाच्या देवालासुद्धा पाळी लावणारी ही कंपनी! मी संतापले. काकू शांतपणे हातमोजे चढवत होत्या.

विमानात पाण्याची बाटली न्यायला बंदी आली, त्या वर्षाच्या जानेवारीत त्या निवृत्त झाल्या आणि त्यांनी जाहीर केलं की हे वर्ष हिंडायचं. दर संकष्टीला समुद्राकाठचं एक गाव गाठायचं, चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच जेवायचं. सोबतीला पर्ल. ट्रेच्या रांगेत सव्वीस वर्षं शेजारी उभी राहिलेली ही जमैकन मैत्रीण अजून नोकरीत होती, त्या दिवसापुरती सुट्टी काढायची. पर्ल चर्च कधी चुकवत नसे. मूर्ती तिला पटत नसत. चंद्राला तिची हरकत नव्हती.

दुपारी पर्ल बाकावर बसून चिकन सँडविच खायची आणि संध्याकाळी ढगांकडे बघून जाहीर करायची, "नो मून, नो डिनर." जून-जुलैत चंद्र मध्यरात्र उलटून यायचा, तोवर ती कोट पांघरून घोरत असे. पहिल्या खेपेला पाण्यातून लालसर, एका बाजूने कुरतडलेला चंद्र वर आला, तेव्हा काकू नमस्कार करायलाच विसरल्या. हे पर्लनेच मला सांगितलं. "तोंड उघडं टाकून बघत बसली. शेवटी मी कोपराने ढोसलं. म्हटलं, प्रे, वूमन."

ऑक्टोबरात कंपनीने जेवणाची सुट्टी अर्ध्या तासावरून वीस मिनिटांवर आणायचं ठरवलं. आम्ही शनिवारी सभा ठेवली. बायका बोलायला घाबरत होत्या. काकू उभ्या राहिल्या असत्या तर बाकीच्या उठल्या असत्या. आणि शनिवारीच संकष्टी.

"या वेळी जाऊ नका, काकू."

"तिकिटं काढलीत गं."

"चंद्र दर महिन्याला उगवतो. ही सभा एकदाच आहे."

"दर महिन्याला उगवतो, हे मी सव्वीस वर्षं नुसतं ऐकूनच होते," त्या म्हणाल्या. रागावून नाही, पत्ता सांगावा तशा.

"तुम्ही सुटलात. मागे राहिल्यात त्यांचं काय?"

असली वाक्यं पत्रकात शोभतात. काकू कप विसळत राहिल्या.

हॉल अर्धा रिकामा होता. सुट्टी वीस मिनिटांवर आली. मी सगळा दोष मनातल्या मनात काकूंवर टाकला आणि दोन महिने त्यांना फोन केला नाही.

डिसेंबरात पर्लने मला गेटवर गाठलं. काकू कॉव्हेंट्रीला चालल्या होत्या, मुलाकडे, कायमच्या. त्याला जुळी झाली होती, सूनही नोकरी करणारी. मुलगा तर काकू निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात न्यायला आला होता. त्यांनी त्याच्याकडून एक वर्ष मागून घेतलं होतं, आणखी मागणार नव्हत्या. त्या वर्षातल्या संकष्ट्या त्यांच्या, बाकी सगळं घराचं. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे असं मी छापत होते, आणि या बाईकडे तिचीच एक संध्याकाळ मागत होते.

मी गेले तेव्हा त्या सामान बांधत होत्या. माझी माफी मी पाठ करून आणली होती. "उभी काय राहिलीस," त्या म्हणाल्या. "चमचे गुंडाळ."

कॉव्हेंट्रीच्या घराच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. चंद्र उगवायच्या वेळी जुळ्यांना निजवायचं असतं, मुलगा-सून कामावरून यायचे असतात, पोरांना सोडून बाहेर जाता येत नाही. म्हणून काकू पर्लला फोन करतात. पर्ल सपाता घालून परसात जाते, बघते, सांगते, मग तिकडे उपास सुटतो. पर्लची दुपारची पाळी असली की फोन मला येतो. मी देव मानत नाही. हे मी पत्रकात लिहिते, आईला सांगत नाही. तरी कोट चढवून रस्त्यावर जाते.

गेल्या संकष्टीला आभाळ गच्च होतं. विमान गेलं तेही दिसलं नाही, नुसता आवाज. फोनमध्ये मागे एक पोर रडत होतं.

"दिसला का गं?"

"दिसला," मी म्हटलं.



"छत्रीवर पाऊस वाजतोय तुझ्या," त्या म्हणाल्या. "बरं. जेवते."