उपऱ्यांचा पाठीराखा

नवऱ्याला साठ पूर्ण व्हायला तीन महिने होते तेव्हा त्यांच्या कंपनीचं पत्र आलं. दुबईच्या जबल अली बंदरात कंटेनरांच्या कागदपत्रांचं काम त्यांनी बावीस वर्षं केलं. पत्रात आभार होते, शुभेच्छा होत्या, आणि डिसेंबरअखेर व्हिसा रद्द होईल, असंही एका ओळीत होतं. मी आणि मुलगी त्यांच्याच व्हिसावर. त्यांचा गेला की आमचाही गेला. मुलीची बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. व्हिसा गेल्यावर थोडी मुदत मिळते, पण ती परीक्षेपर्यंत पुरेल का, हे तीन ठिकाणी विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा असतो, पण त्याला लागते तेवढी पुंजी आमच्याकडे नव्हती. होती ती पुण्याच्या, भाड्यानं दिलेल्या फ्लॅटमध्ये घातलेली. शेवटच्या वर्षी पोरीची शाळा बदलायची म्हणजे तिच्या दोन वर्षांच्या अभ्यासावर पाणी. ती परीक्षा देईपर्यंत आम्हाला या देशात राहू देतील का, एवढा एकच प्रश्न घरात होता.

मी नववीला नागरिकशास्त्र शिकवते. लोकशाहीच्या धड्याआधी अथेन्स सांगायची माझी जुनी सवय आहे. पुस्तकात त्याला दोन ओळी आहेत. मी एक अख्खा तास घेते. पुण्यात शिकवत होते तेव्हा त्यासाठी एक खेळ काढला होता. सगळा वर्ग उभा करायचा. मग म्हणायचं, मुलींनो, बसा. ज्यांचे वडील मूळचे या शहरातले नाहीत, बसा. ज्यांच्या आईचं माहेर या शहरात नाही, बसा. चाळीसातली पाच-सहा मुलं उभी राहायची. त्यांना सांगायचं, आज गृहपाठ किती द्यायचा हे तुम्ही ठरवा, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. पाच मिनिटांत वर्गात बंड व्हायचं आणि धडा आपोआप शिकवून व्हायचा.

दुबईत आले त्या वर्षी हाच खेळ जसाच्या तसा घेतला. मुली बसल्या. मग मी म्हटलं, ज्यांचे वडील इथले नाहीत, बसा. राहिलेला सगळा वर्ग एकदम खाली बसला. आईपर्यंत पोचायची वेळच आली नाही. भारतीय शाळा, भारतीय मुलं, उभं राहणार कोण? इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मुलं खो खो हसली आणि मीही हसले, पण घरी येऊन मला माझाच राग आला. त्यानंतर मी चिठ्ठ्या वापरायला लागले. कुणाला नागरिक, कुणाला गुलाम, कुणाला उपरा अशी चिठ्ठी द्यायची, म्हणजे खऱ्या आई-वडिलांपर्यंत जावंच लागत नाही.

पत्र आलं त्या आठवड्यात नेमका अथेन्सचा तास होता आणि चिठ्ठ्या घरी राहिल्या. डोकं ठिकाणावर नव्हतंच. मी जुना खेळ सुरू केला आणि व्हायचं तेच झालं. सगळी मुलं बाकांवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅम, यू आर स्टिल स्टँडिंग."

मी खुर्चीत बसले. उरलेला तास बसूनच शिकवलं, जे मी कधीच करत नाही.

सांगितलं ते असं. अथेन्समध्ये बाहेरून आलेली माणसं पुष्कळ होती. त्यांची दुकानं होती, कारखाने होते, काही जण तर पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेले. शहरात राहायचा कर ते भरायचे. लढाई लागली तर सैन्यात जायचे. पण जमीन किंवा घर त्यांच्या नावावर होत नसे, मत देता येत नसे, आणि प्रत्येकाला एक पाठीराखा दाखवावा लागे, म्हणजे त्याच्यासाठी उभा राहणारा अथेन्सचा नागरिक. त्यांच्या मुलांचं काय? मुलंही उपरीच. अथेन्समध्ये जन्मली तरी. नागरिक म्हणजे कोण, याची व्याख्या करत बसलेला एक थोर तत्त्वज्ञ स्वतः तिथे उपरा होता. इतरांना नागरिकत्व शिकवायचा आणि सभेत मात्र त्याला मत नव्हतं. त्याच्याबद्दल सांगताना मला दरवर्षी बरं वाटायचं, या वर्षी वाटलं नाही.

"आणि बायका?" त्याच मुलीनं विचारलं.

"नागरिकांना जन्म देण्यापुरत्या नागरिक," मी म्हटलं. "बाकी प्रत्येकीच्या वतीनं बोलणारा एक पुरुष असायचा. आधी बाप, मग नवरा, नवरा गेला तर मुलगा."

"पण मॅम, उपऱ्याला पाठीराखा नसेल तर?"

"खटला व्हायचा. हरला तर गुलाम म्हणून विकायचे."

मुलं हादरली. मी म्हटलं, ते तेव्हा, आता तसं काही नाही, आता फक्त विमानाचं तिकीट काढायचं. कुणी हसलं नाही. बारा-तेरा वर्षांपासून ज्यांनी घरात व्हिसा हा शब्द ऐकलाय, त्यांना काय हसू येणार.

वाट सापडली ती शाळेच्या ऑफिसात. तिथल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, आप हमारे वीजा पे आ जाओ, फिर आप हजबंड और बेटी को स्पॉन्सर कर लो." स्पॉन्सर व्हायला लागतो तेवढा पगार मला होता. अट एकच, दोन वर्षांचा करार. मी मार्चमध्ये राजीनामा द्यायचं ठरवलं होतं. घसा बसतो, गुडघे बोलतात, आणि तीस-पस्तीस मुलांसमोर रोज उत्साह दाखवणं आताशा जिवावर येतं. नवरा घरी बसणार तर मीही बसेन, असं वाटत होतं. मी सही केली. करताना रडू आलं हे खरं आहे, पण ते आनंदाचं नव्हतं.

घरी सांगितलं तर नवऱ्याच्या कपाळाला आठ्या.

"मी तुझ्या व्हिसावर?"

"मग काय झालं?"

"मराठी मंडळातले लोक काय म्हणतील? तुम्ही दोघी राहा इथं. मी पुण्याला जातो."

"भाडेकरूंबरोबर राहणार का?" मी विचारलं. आठवडा असाच गेला. ते जेवायचे, बातम्या बघायचे, आणि व्हिसाचा विषय काढला की पाणी प्यायला उठायचे. त्यांना समजावायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. शेवटी मुलीनंच तोंड उघडलं. ताटातली भेंडी बाजूला सारत म्हणाली, "बाबा, आय हॅव बीन ऑन युअर व्हिसा सिन्स आय वॉज बॉर्न. इट्स नॉट दॅट बॅड."

दुसऱ्या दिवशी ते फाइल घेऊन तयार झाले. बाहेर जाताना घालायचा कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात पदवीपासूनची सगळी सर्टिफिकेटं. मी म्हटलं, यातलं काही लागणार नाही. तरी घेतलीच.

अर्ज भरायच्या सेंटरमध्ये काउंटरपलीकडची मुलगी चटपटीत होती, बोलायलाही गोड. "यू आर द स्पॉन्सर, मॅडम?" मी हो म्हटलं. "हजबंड?" हो. "वर्किंग?" ते तोंड उघडणार होते, पण प्रश्न मला होता. "नॉट वर्किंग," मी म्हटलं. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. त्यांनी फाइलमधून काहीतरी काढलं आणि पुन्हा आत घातलं. मग एकच प्रश्न विचारला, किती वर्षांचा मिळेल? तिनं उत्तर मला दिलं. "टू इयर्स, मॅडम. इन्शाल्ला थ्री-फोर डेज. खलास."

परतताना गाडीत सिग्नलला मी एकदा त्यांच्याकडे बघितलं, ते फाइलच्या बंदाशी चाळा करत होते.

पाचव्या दिवशी मंजुरीचा मेसेज आला. दोघांनाही दोन वर्षं. पोरगी परीक्षेला बसणार. तिनं "ओके, कूल" म्हणून पुन्हा पुस्तकात डोकं घातलं, आणि मला एकदम इतकं दमल्यासारखं झालं की मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावरच बसले. हे मागोमाग आले.

"त्या काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही," ते म्हणाले. चार दिवस ते हेच घेऊन फिरत होते.

"पाहत नाहीत," मी म्हटलं. "मला माहितीय. त्या खुर्चीत मी नऊ वेळा बसलेय."

"तू?"

"दर दोन वर्षांनी. तुम्ही बोलायचात, मी बसायचे. आणि शाळेसाठी तुमचं ते पत्र. 'माझ्या पत्नीने नोकरी करण्यास माझी हरकत नाही.' ब्रेड खाता खाता सही करायचात."

त्यांना ते पत्र आठवायलाच वेळ लागला. मग खरंच काही कळलं नसल्यासारखं त्यांनी विचारलं, "पण मी कधी नाही म्हटलं का?"

"नाही म्हटलं नाहीत," मी म्हणाले. "मीही म्हणणार नाही."

मग त्यांनी पाठ वळवून नळ सोडला आणि सकाळची भांडी घासायला घेतली.