बुडीमास्तरांच्या आजोबांचा नंबर

मास्तर कोणत्याही गावाला गेले की आधी तिथलं पाणी किती खोल आहे ते बघायचे. माणसं नव्या गावात देऊळ बघतात, बाजार बघतात. हे विहिरीत डोकावणार, नाल्यात काठी उभी करणार आणि काठीवरची ओली खूण आपल्या कमरेला लावून बघणार. "कमरेएवढं हाय. जमते," म्हणायचे आणि मगच कोणाच्या घरचा चहा घ्यायचे. मेहकरला जाताना एसटीत डुलकी लागली असली तरी पैनगंगेच्या पुलावर बरोबर जागे होणार. मी कितीदा शेजारी बसून पाहिलंय.

त्याचं कारण त्यांचा पंथ. मास्तर शाळेत शिकवायचे, आणि पंथानं बॅप्टिस्ट ख्रिश्चन. त्यांच्यात तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. माणूस मोठा झाला, आपल्या तोंडानं हो म्हणाला, की त्याला कमरेएवढ्या पाण्यात उभं करून एकदा पूर्ण बुडवून काढायचं. तोच बाप्तिस्मा. म्हणून आमच्या डोणगावात त्यांचं नाव पडलं बुडीमास्तर. आता आमच्याकडं म्हातारीला बुढी म्हणतात. एकदा नवीन पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला आणि गल्लीभर विचारत सुटला, "ते बुढी मास्तरीण कोठी राह्यते हो? तिची सही पाह्यजे." मास्तर ओसरीवर दाढी करत होते. तोंडाला फेस तसाच. म्हणाले, "मीच ते बुढी. आन इकडे."

माझी ओळख झाली ती आमच्या हौदापायी. आमचा मळा गावालगत. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे लावाल ते. एका उन्हाळ्यात नदी आटली, नाले आटले, आणि मास्तरांच्या मंडळीतली, म्हणजे त्यांच्या चर्चच्या लोकांतली, दोन माणसं बाप्तिस्म्यासाठी खोळंबली. मास्तर आले आणि आमच्या हौदात काठी बुडवून उभे राहिले. आमचे मालक बिचकले. मास्तर म्हणाले, "साबन नाही, सोडा नाही. मानूस बुडते अन् निंघते. तेच पानी मंग वांग्याले सोडा." माझी सासू मोठी खट. ती खाटेवरून म्हणाली, "अन् मास्तर, वांगे ख्रिश्चन झाले तं?"

"वांग्याले विचारल्याशिवाय आम्ही काही करत नाही, बाई," मास्तर म्हणाले. सासू इतकी हसली की तिला ठसका लागला. हौद दिला. नंतर कितीतरी उन्हाळे दिला.

मास्तरांचं दुसरं वेड म्हणजे, "कोठी लिहिलं हाय?" कोणी काहीही सांगा, बाजार उद्या बंद आहे सांगा, अमक्याच्या घरात भांडण झालं सांगा, मास्तरांचा प्रश्न तयार. लोक वैतागायचे. पण हा प्रश्न त्यांचा नव्हता, फार लांबून आलेला होता. मी मेथीच्या जुड्या बांधायची आणि मास्तर बांधावर बसून सांगायचे. स्वीडन म्हणून बर्फाचा मुलुख आहे. तिथं सरकारचंच चर्च. जन्मलेल्या प्रत्येक लेकराला तिथं नेऊन पाणी लावायचं, असा कायदा. काही साधी माणसं, शेतकरी, शिंपी, घरातल्या घरात जमून बायबल वाचायला लागली आणि विचारायला लागली, तान्ह्या लेकराला पाणी लावायचं हे कुठं लिहिलंय? लोक त्यांना 'वाचणारे' म्हणून चिडवायचे. वाचणारे, ही तिथली शिवी! मग त्यांना दंड झाले, तुरुंग झाले. पोलीस घरातून लेकरू उचलून नेत आणि पाणी लावून परत आणून देत. हे ऐकताना माझे हात थांबायचे.

त्यातली पुष्कळ माणसं जहाजात बसून अमेरिकेला गेली. तिथं मोठ्या नदीच्या काठी एकानं तिघांना बुडवलं, आणि त्या तिघांपासून मास्तरांचा हा स्वीडिश बॅप्टिस्ट पंथ वाढला. "अन् तो बुडवणारा कोन होता माहीत हाय का?" मास्तर छाती फुगवून विचारायचे. "शाळामास्तर!" ते सांगताना जणू बदलीची ऑर्डर त्यांच्याच नावाची निघाली होती. पुढं त्या लोकांची नातवंडं स्वीडिश विसरली. उपासना कोणत्या भाषेत करायची यावरून घराघरात रुसवेफुगवे झाले, आणि शेवटी पंथाच्या नावातून स्वीडिश हा शब्दच काढून टाकला. मास्तर म्हणायचे, "भाषा सोडली, देश सोडला. पानी नाही सोडलं, अन् विचारनं नाही सोडलं."

मला शाळा माहीत नव्हती. एक दिवस मी म्हणाले, "मास्तर, वाचाले येनं ही शिवी असन, तं ते शिवी मलेही द्या." त्यांनी मातीत काडीनं अक्षरं काढून दिली. तेवढंच. बाकी मी माझी माझी शिकले, एसटीच्या पाट्यांवर. मेहकर सोपं गेलं. दुसरबीड हे गावाचं नाव वाचायला दोन महिने लागले. पुढं वर्तमानपत्र, मग पुस्तकं. धर्माचं मास्तर माझ्याशी कधी बोलले नाहीत असं नाही, रोज बोलायचे. पण "तू आमच्यात कधी येतेस?" असं एकदाही विचारलं नाही. मी माझ्या देवाची, ते त्यांच्या.

मास्तरांना एकच गोष्ट जिवापाड प्यारी होती. अमेरिकेहून एक साहेब-मडम आमच्या भागात आले होते, त्या स्वीडनवाल्यांचीच नातवंडं. त्यांनी इथं पहिला बाप्तिस्मा पैनगंगेत दिला, तो मास्तरांच्या आजोबांना. पहिला नंबर! मास्तरांच्या घरात हे लेकरांना बोलता येण्याआधी ऐकवलं जायचं. आणि एकच गोष्ट त्यांना सलत होती. त्यांचा मुलगा प्रकाश. मेहकरला त्याचं पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान. दर रविवारी उपासनेला यायचा, माईक लावायचा, सतरंज्या उचलायचा. पण पन्नाशी आली तरी त्यानं बाप्तिस्मा घेतला नव्हता. मास्तर अख्ख्या तालुक्याचं पाणी मोजत फिरले, आणि पोटचा पोरगा कोरडा. पंथच असा की ज्यानं त्यानं आपण होऊन हो म्हणायचं. म्हणून विचारायची सोय नाही. बापलेकांत बोलणं उरलं होतं ते औषधं आणि जेवण एवढंच.

मंडळीनं आपला इतिहास छापायचं ठरवलं, तोवर मास्तरांची नजर गेली होती. ते सांगायचे, मी लिहायची. मंडळीतले काही जण कुरकुरले, हिंदू बाई आपला इतिहास लिहिते म्हणून. मास्तर म्हणाले, "हिंदू बाईनं लिहू नये, हे कोठी लिहिलं हाय?" विषय संपला. कागद मेहकरला छापखान्यात गेले, आणि त्याच आठवड्यात चर्चचे पत्रे बदलताना माळ्यावर एक ट्रंक सापडली. ट्रंकेत मडमच्या हातचं जुनं रजिस्टर, मराठीत.

मी ते मास्तरांच्या ओसरीवर वाचायला बसले. प्रकाश समोर टेबलफॅन उघडून बसला होता. "अक्षर कसं हाय?" मास्तरांनी विचारलं. "मोत्यावानी," मी म्हणाले आणि पहिलं पान उघडलं. पहिलं नाव होतं गंगू, दळण दळणारी. दुसरं, तिसरं भलतंच. मास्तरांचे आजोबा चौथे. आणि त्यांच्या नावापुढं मडमनं लिहिलं होतं, 'पहिल्या खेपेस पाण्याला भिऊन काठावरून पळाला. आज आपण होऊन आला. फार आनंद.'

मी अजून मोठ्यानं काही वाचलं नव्हतं. खरं सांगते, मनात आलं की आजोबांचं नाव आधी वाचून मोकळं व्हावं. त्यांना कुठं दिसतंय?

"थांबली काऊन?"

"अक्षर पुसट हाय, मास्तर."

"आत्ता तं मोत्यावानी होतं."

मग मी त्यांचं बोट धरून पानावर ठेवलं. चौथ्या ओळीवर. "तुमचे आजोबा इथं हायेत," म्हणाले, आणि सगळं वाचून दाखवलं. भिऊन, पळाला, सगळं.

मास्तरांचं बोट त्या ओळीवरच होतं. प्रकाश म्हणाला, "बाबा, राहू द्या ना. पुस्तक छापाले गेलं. कोनाले मालूम हाय?"

"आपल्याले मालूम झालं ना," मास्तर म्हणाले. "ते स्वीडनवाले लिहिलेलं मान्य करून जेलात गेले. मी आजोबासाठी लिहिलेलं झाकू काय? सुमनबाई, छापखान्यात फोन लाव. गंगू पहिली. आजोबा चवथे."

"अन् पळाले ते?"

"तेही लिही. त्या मडमनं इतक्या मायेनं लिहिलं, ते आपन काऊन खोडाव?"

प्रकाशनं हातातला स्क्रू पिळायचा पेचकस खाली ठेवला. "खरंच पळाले होते?" त्यानं मला विचारलं. मी पान त्याच्यासमोर धरलं. त्यानं दोनदा वाचलं. मग बापाकडं न बघता म्हणाला, "बाबा, मलेही भेव वाटते."

"कशाचं?"

"पान्याचं. लहान होतो तवापासून. डोक्यावरून पानी गेलं का जीव घाबरा होते. दरवर्षी ठरवतो, अन् काठावर आलो का मांगं फिरतो."

"मंग सांगितलं काऊन नाही बे?"

"पहिल्या नंबरच्या घरचा मी. कसं सांगू?"

मास्तर हवेत चाचपडत राहिले तेव्हा प्रकाशनं उठून हात पुढं केला. "मले वाटे तुले देवाचा राग हाय," मास्तर म्हणाले. "देवाचा नाही, बाबा. पान्याचा," प्रकाश म्हणाला, आणि दोघंही एकदम हसायला लागले. मी चहाच्या निमित्तानं आत गेले. ओसरीवर आता माझं काम नव्हतं. चहा मुद्दाम उशिरा आणला.

पुस्तिका निघाली, गंगू पहिली. आजोबा पळालेलेही छापले. पुढची दोन वर्षं मास्तर जगले आणि प्रकाश दर संध्याकाळी दुकान लवकर बंद करून डोणगावला येत राहिला. दोघं ओसरीवर इतके बोलायचे की मला मास्तरांना पुस्तक वाचून दाखवायला जागा मिळायची नाही. मास्तरांनी त्याला कधी म्हटलं नाही, आता तरी घे. त्याला विचारा तरी, असं मीच एकदा चिडून म्हणाले, तर मास्तर म्हणाले, "त्याचं हो त्याच्या तोंडातून निंघाले पाह्यजे. माह्या तोंडातून निंघून उपेग काय?"

मास्तर मागच्या पोळ्यानंतर गेले. प्रकाशनं अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. घेईल की नाही, मला माहीत नाही. पण आता उपासनेनंतर कोणी विचारलं तर तो सतरंजी गुंडाळता गुंडाळता, चारचौघांत, मान वर करून सांगतो, "मले पान्याचं भेव वाटते." आणि कोणी हसत नाही.