काकांची नाइट

पेशंटला ऑपरेशनला नेताना काका त्याच्या चपला टाचा खाटेकडे करून ठेवत; परत आल्यावर पाय सरळ आत जावेत म्हणून. लिफ्ट आली की स्ट्रेचरला म्हणत, “चल राजा.” मधूनच घरी फोन लावत. बायकोने “कोण?” विचारलं की, “मीच. झोप तू.”

साठीला टेकले तरी हुद्दा वॉर्डबॉयच. रिसेप्शनवरची मुलगी साहित्य शिकलेली. एकदा ती म्हणाली, “काका, इंग्रजीत नाइट म्हणजे चिलखतातला सरदार. पण मुळात त्याचा अर्थ पोऱ्या, हरकाम्या. स्पॅनिशमध्ये त्यालाच काबायेरो म्हणतात, म्हणजे घोडेस्वार. पुढे सभ्य गृहस्थ. आता पुरुषांच्या संडासावरही तेच लिहितात.”

“मग पोऱ्या मी, घोडा हा,” काकांनी स्ट्रेचरवर थाप मारली. “संडासही मीच दाखवतो सगळ्यांना. आणि इतकी वर्षं नाइट करतोय. राहिलं काय?”

“तलवार!”

“ती बायकोच्या तोंडात.” मग हसू ओसरलं. “आता बोथट झाली गं. काल मलाच विचारते, आपण कोणाकडे आलात?”

बायको रात्री उठून त्यांना शोधायची. बाहेरून कडी लावायला काकांचा हात धजेना. दिवसपाळी मिळाली असती तर सगळं निभावलं असतं. त्यांनी सुपरवायझरच्या किती विनवण्या केल्या. दर वेळी तो खांद्यावर हात ठेवायचा. “काका, नाइटला तुमच्यासारखा माणूस कुठून आणू?”

कौतुकच ते. काका पुन्हा नाइटला जायचे.

त्या पहाटे राजा फार कुरकुरत होता, म्हणून काका त्याला उलटा करून एकेक चाक काढून तेल घालत होते. तेवढ्यात अँब्युलन्स आली. ते दुसरा स्ट्रेचर घेऊन धावले. आधी पाय दिसले. पायांत त्यांच्याच जुन्या चपला, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे.

“बाई रस्त्याकडेला पडल्या होत्या,” ड्रायव्हर म्हणाला. “नवऱ्याला आणायला निघालेय, म्हणत होत्या. वाटेत गेल्या.”

काकांनी स्ट्रेचर शेवटपर्यंत स्वतःच ढकलला. लिफ्ट आली. ते काही बोलले नाहीत.

“उद्यापासून दिवसपाळी घ्या,” सुपरवायझर म्हणाला.

“आता कशाला, साहेब?”

त्यानंतर ते आले नाहीत. घरी फोन लावला तर नुसता वाजत राहतो. राजा अजून जिन्याखाली पाय वर करून पडलाय. तीन चाकं तेल घालून बसवलेली. चौथं ट्रेमध्ये आहे, शेजारी कापसात गुंडाळलेले स्क्रू.