पत्र्याच्या खोलीतली मान

भूत, जिन, करणी, नजर... यातलं मी काही मानत नाही. तिकाटण्यावर उतारा टाकलेला दिसला तर त्यातला नारळ घरी आणून चटणी वाटणारी बाई मी. आमच्या घरात तावीज नाही की दारावर काळी बाहुली नाही. हे आधी सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणू नये की म्हातारीच्या मनाचे खेळ.

दुसरं म्हणजे मला किळस येत नाही. निदान येत नव्हती. आमचं मटणाचं दुकान होतं. लग्न झाल्यापासून वजडी धुणं, पाये भाजणं, मुंड्या साफ करणं माझ्याकडे. बकऱ्याचं पोट कापलं की आतला अर्धवट पचलेला हिरवा चोथा कोपरापर्यंत यायचा. तो धुऊन त्याच हातांनी मी भाकऱ्या थापल्या आहेत. त्यामुळे मी घाण म्हणते तेव्हा ती घाणच असते, एवढं धरून चाला.

आम्ही सोमाटण्यात राहतो, जुन्या हायवेवरून थोडं आत. पुढे घर, मधे अंगण, मागे पत्र्याची खोली. म्हाताऱ्याची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, उजवी बाजू पॅरॅलिसिसनं गेली आणि दुकान बंद झालं. दुकानातलं लोखंडी टेबल तेवढं त्या खोलीत येऊन पडलं. म्हातारा स्वयंपाकघरामागच्या खोलीत खाटेवर असतो. त्याच्या उशाशी अंगणाकडची खिडकी आहे.

मागच्या पावसाळ्यात पत्र्याची खोली भाड्यानं घ्यायला अनघा आली. तिकडे चंद्रपूरच्या बाजूची पोर, पुण्यात शिकणारी. म्हणाली, "चाची, मी हाडं साफ करते. मशीनचा आवाज होतो, धूळ उडते, म्हणून कुणी जागा देत नाही." तिचे सर लोणावळ्याला, भुशीकडे बंगल्यात राहतात. त्यांच्या बायकोनं धूळ बघून दोघांचं काम बंगल्याबाहेर काढलं होतं.

मी म्हटलं, "हाडांची धूळ आमाला नवी न्हाई. टाक तुझं सामान."

टेम्पोतून प्लास्टर आणि गोणपाटात गुंडाळलेला एक धोंडा उतरला. चौघांनी तो आमच्या लोखंडी टेबलावर ठेवला. निम्मं टेबल भरलं. लांब मानेच्या डायनासोरच्या मानेचा एक मणका म्हणे. एकच!

मी दुपारी चहा घेऊन जायची तेव्हा ती सांगायची. या जनावराची मान लांब, पण मणके आतून पोकळ, पक्ष्यांच्या हाडांसारखी कप्प्याकप्प्यांची, हवेनं भरलेली. नाहीतर एवढी मान उचलली गेली नसती. धड एका जागी ठेवून नुसती मान फिरवायची आणि सगळीकडचा पाला ओरबाडायचा. चावायचं नाही. दात नुसते ओढायला. सगळा पाला तसाच पोटात जायचा आणि तिथं आंबत राहायचा. मणक्याच्या एका टोकाला गोळा, दुसऱ्या टोकाला वाटी. गोळा डोक्याच्या बाजूला.

एकदा बघते तर ही बया खडा जिभेवर ठेवून बसलेली.

"अगं, काय करतीस?"

"हाड असेल तर जिभेला चिकटतं चाची, दगड चिकटत नाही. सगळेच असं बघतात."

"मेलेल्याचं हाड चाटतीस? आन् सकाळी माझ्या हातची वजडी नको म्हणालीस ती!"

ती हसली. "हे आता मेलेलंसुद्धा राहिलं नाही. दगड झालाय त्याचा."

मणक्यातले मातीनं भरलेले कप्पे ती एकेक करून मोकळे करत होती. सगळ्यात आतला कप्पा उघडला त्या दिवसापासून वास सुरू झाला.

सडलेल्या मांसाचा वास मला माहीत आहे. हा तो नव्हता. हा पोटातला वास होता. आंबलेला पाला, त्यात पित्त, आणि वर एक ऊबट वाफ. तोंडात येऊन बसायचा. मी खोली फिनेलनं धुतली, गटार उपसलं, पत्र्यावर उंदीर मेलाय का बघितलं. अनघालाही वास येत होता, पण ती म्हणाली, "मातीतला गॅस असेल, जाईल."

गेला नाही. आणि तो वास पसरतही नव्हता. हे मला कपडे वाळत घालताना कळलं. अंगणात सरळ उभी राहिले की भपकारा. बादली उचलायला वाकले की काही नाही. दोन पावलं बाजूला सरकले की काही नाही. पुन्हा जागेवर आले की ओकारी. छातीच्या उंचीवर, हातभर जाडीची वासाची जणू रेघच होती. पत्र्याच्या खोलीतून निघून अंगणावरून सरळ म्हाताऱ्याच्या खिडकीत शिरत होती.

आत जाऊन मी नाकानं तिचा माग काढला. रेघ उशीवर संपत होती.

म्हाताऱ्यानं तेव्हा खाणं टाकलं होतं. घास तोंडाजवळ नेला की मान फिरवायचा. मोठ्या मुश्किलीनं तांदळाची पेज, तीही अर्धी ओकून टाकायचा. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातली की पुढचं तुम्हाला माहीतच आहे. रोज सकाळी त्याच्या उशीवर चिकट हिरवा डाग असायचा. लाळेसारखा, तार सुटणारा. पांढरी पेज पिणाऱ्या माणसाच्या तोंडातून हिरवं कुठून येणार? मी अभ्रा चिमटीत धरून धुवायची. आयुष्यात पहिल्यांदा चिमटीत.

मी अनघाला हाताला धरून त्या रेघेत उभं केलं. तिनं तोंडावर ओढणी दाबली. मग ती खोलीपासून उशीपर्यंत चालत गेली आणि परत आली. चेहरा उतरला होता.

"चाची, मणक्याचा गोळा या खिडकीकडे आहे. आणि या मणक्यापासून डोक्यापर्यंत मान साधारण एवढीच भरेल."

"मग घेऊन जा तुझी मान. आत्ताच्या आत्ता."

ती रडायला लागली. आतल्या पातळ भिंतींना चिरा गेल्या होत्या, त्यात गोंद भरलेला. तो पुरता वाळायच्या आत टेम्पोत घातलं तर चुरा होईल, आणि सगळ्या कामाचा आधार तो एकच मणका. मी म्हटलं, "तुजा दगड मोडंल, माजा माणूस मरंल. बोल आता."

शेवटी टेबल जागच्या जागी फिरवायचं ठरलं. पायांखाली गोणपाट सारून, दोघींनी बोटबोट सरकवत गोळ्याचं टोक उगवतीकडे केलं. अंगण स्वच्छ झालं. मी हुश्श करते तोच कुंपणापलीकडून सुलभाचा आवाज. शेजारीण आमची, शेतकऱ्याची सून, तोंडाची फाटकी.

"ओ चाची! काय मेलंय तुमच्यात? माज्या धुण्यावर कसली घाण मारतीया?"

तिला आम्ही कशाचंही काही सांगितलेलं नव्हतं. अनघानं गोळ्याच्या टोकाकडे बोट केलं. ते थेट सुलभाच्या कुंपणाकडे होतं.

म्हाताऱ्याचं अंग पुसताना मी हे सगळं बोलून गेले. त्याच्याशी नाही, माझ्याशीच बडबडत होते. त्यानं डोळे उघडले. अर्ध्या तोंडानं विचारलं, "मान कुटं केली?"

"आदी तुमच्याकडं हुती. आता सुलभाकडं."

तो चिडला. दुकान चालवत होता तेव्हा चिडायचा, तसाच. "जनावर टेबलाव हाय ना? मग त्येचं तोंड किब्ल्याला करा. ताटकळत ठिऊ नका."

आमच्यात जनावर कापताना त्याचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेनं मावळतीला, करतात. त्यानं एकही जनावर दुसऱ्या दिशेला ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "अहो, ते कवाच मेलंय. कुनी कापलंबी न्हाई त्येला."

"तुला सांगितलं तेवडं कर."

अनघा तयार नव्हती. फिरवताना एक चीर वाढली होती, पुन्हा हलवलं तर कप्पा ढासळेल म्हणाली. पलीकडे सुलभा ओरडतच होती. मी पदर खोचला. अनघानं मोबाइलवर दिशा काढली, चिरेला ओला कागद आणि पट्टी लावली, आणि आम्ही दोघींनी श्वास धरून टेबल मावळतीकडे फिरवलं.

नळ बंद करावा तसा वास तुटला. त्या बाजूला सोनाराचं मोकळं रान आहे. तिथं जाऊन मी उभी राहिले, वाकले, चवड्यांवर उंच झाले. काही नाही.

मणका मोडला नाही.

सर लोणावळ्याहून दोन दिवसांनी आले. आदल्या दिवशी भुशी धरणावरच्या गर्दीत गाडीच बाहेर निघाली नव्हती. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं. मातीत गॅस अडकतो, वारा त्याला एका अंगाला नेतो, असं म्हणाले. वाकलं की वास येत नाही, हे मात्र त्यांनी वहीत लिहून घेतलं. गोंद वाळल्यावर मणका पुण्याला गेला. तिकडे वास नाही, असं अनघा फोनवर सांगते.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं.

टेबल फिरवलं त्याच दिवशी म्हातारा म्हणाला, "भूक लागली." मी धावत जाऊन पायांचा रस्सा आणला. जन्मभर आवडीनं खाल्लेला. त्यानं तोंड फिरवलं. मी मेथी निवडत होते, त्या जुडीकडे बघत राहिला. गंमत म्हणून एक काडी पुढे केली. धड खाटेवर तसंच, फक्त मान पुढे आली. लांब... माझ्या नवऱ्याची मान एवढी पुढे येते हे मला माहीत नव्हतं. ओठांनी पानं ओढली आणि न चावता गिळली.

तेव्हापासून तो हेच खातो. मेथी, पालक, शेवग्याचा पाला. कच्चा. डॉक्टर म्हणतात, अशा आजारात आवडीनिवडी बदलतात. वजन वाढलंय, नळी टळली, अजून काय पाहिजे? खरंच आहे.

मागच्या आठवड्यात अनघाचा फोन आला. "चाचा जेवतात ना?"

"जेवतात."

मग म्हणाली, "चावून खातात ना?"

मी म्हटलं, "तुजं मणक्यावरचं लिवून झालं का ते सांग."

म्हाताऱ्याला ढेकर आला की तोच वास येतो. ऊबट, हिरवा. माझ्या तोंडात आंबट पाणी येतं. मी खिडकीकडे तोंड करून ते गिळते आणि पुढची काडी त्याच्यासमोर धरते. मान पुढे येते. मी जुडी धरून ठेवते.