परमुलखातला घट

देवीशी माझं बोलणं बंद होतं, तिथूनच सुरुवात करतो. असल्या लिखाणात लोक आधी आपली भक्ती सांगतात. माझ्याकडं ती नव्हती. कौसल्या, माझी बायको, गेली आणि मी देव्हाऱ्याचं दार ओढून घेतलं. जन्मभर नवरात्रात नऊ दिवस उपाशी राहिलेली बाई. त्या दिवसांत पायात चप्पलसुद्धा घालायची नाही. तिलाच पोटाचा आजार व्हावा आणि शेवटी शेवटी पाण्याचा घोटही उतरू नये, हा कुठला न्याय? मी देवीला तोंडावर विचारलं. उत्तर आलं नाही. म्हणलं, ठीक आहे, मग माझाही दिवा बंद.

मी शिकलेला माणूस नाही. चार बुकं कशीबशी झाली. जन्म पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतला. तारीख आईला ठाऊक नव्हती, मास्तरांनी सगळ्या पोरांची टाकली तशी माझीही एक जून टाकली. गंगापूरकडं थोडं काळं रान, आणि औरंगाबादेत, आता संभाजीनगर म्हणायचं, पुंडलिकनगरात पिठाची गिरणी. आयुष्य या दोन्हीच्या मधल्या रस्त्यावर गेलं. लेक एकच, रेखा. ती नर्स आहे, ऑस्ट्रेलियात टूवूम्बा नावाच्या गावाला असते. आई गेल्यावर तिनं माझे कायमचं तिकडं राहायचे कागद करायला घेतले, आणि मी नको नको म्हणता म्हणता ते होऊनही आले.

आता घटाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमच्याकडं नवरात्रात पत्रावळीवर आपल्या रानातली काळी माती पसरतात, तिच्यात धान्य पेरतात, वर पाण्याचा घट ठेवतात आणि रोज एक माळ सोडतात. दसऱ्यापर्यंत वीतभर पिवळं धन उगवून येतं. बसवायचा तो जोडप्यानं. एकट्या माणसाचं ते काम नव्हे. लेकीचं तर नव्हेच, कारण लग्न झालं की ती दुसऱ्या कुळाची. कौसल्या आजारात मला म्हणाली होती, "अहो, मी गेल्यावर घट कोण बसवील?" मी चिडूनच होतो. म्हणलं, "मी बसवीन. एकटा बसवीन. काय करील मला तुझी देवी?" ती हसली. तिला हसताना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

ती गेली त्या सालचं नवरात्र दुखवट्यात गेलं, त्यामुळं घट बसलाच नाही. आता वर्षश्राद्ध झालं होतं आणि दुसरं नवरात्र तोंडावर आलं होतं. या साली चुकला की आमच्या घरातून तो कायमचा उठणार, हे मला कळत होतं. त्यात माझं जाणं ठरलेलं. थोरला भाऊ अण्णा गावाहून जीपनं आला आणि चहा पुढं येण्याच्या आतच सुरू झाला.

"या वयात लेकीच्या दारात भाकरी मोडायला चाललास? लाज हाय का नाय?"

"तुझ्या दारात मोडू का मग? तुझी सून ताटं आपटती, ते मला इथं ऐकू येतंय."

अण्णानं टोपी काढून मांडीवर आपटली. "बरं, जा. पण देव इथं ठेव. कुळाचे टाक समुद्रापार जात नसतेत. आन् घट तर तुला बसवताच येत नाय. जोडपं नाय, आपल्या रानाची माती नाय. तिकडं कशात बसवशील, डांबरात?"

माझं त्या देवीशी बोलणं बंद होतं. तिच्यासाठी मी का भांडावं? पण अण्णाचं ते डांबर मला लागलं. मी उठलो, देव्हाऱ्याचं दार उघडलं आणि चांदीचे ते छोटे टाक, वाटणीच्या वेळी माझ्या आईनं कौसल्याच्या ओटीत घातलेले, त्याच्यासमोर खिशात टाकले. म्हणलं, "बघतो कोण अडवतंय."

दुसऱ्या दिवशी रानात गेलो. बांधाजवळची माती चाळून कौसल्याच्या एका खणात बांधली, सोबत मूठभर जोंधळा घेतला. क्रांती चौकाजवळ माझा जुना दोस्त रशीदभाई शिवणकाम करतो. त्यानं टाकांसाठी एक पिशवी शिवून दिली. अण्णाचं बोलणं त्याला सांगितलं तर तोंडातला दोरा न काढताच तो म्हणाला, "जमीन सब एकीच है भाऊ. बनानेवाला बी एकीच. तुम बिनघोर जाव." मला ते तेव्हा नुसतं समजूत घालणं वाटलं.

विमानात एकट्यानं बसायची भीती नव्हती. भीती वाटली ती उतरल्यावर. तिथल्या तपासणीच्या बाईनं माझी पिशवी उघडली आणि खणाची गाठ सोडली. परमुलखातली माती त्या देशात नेऊ देत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. माती म्हणजे काय चीजवस्तू आहे का, की तिची वर्दी द्यावी? फोनवर एक हिंदी बोलणारा माणूस दिला. तो म्हणाला, "बाबाजी, ये मिट्टी है?" मी म्हणलं, "मिट्टी नहीं, देवी का आसन है." त्यानं ते बाईला सांगितलं असावं. तिनं मान हलवली, वाईट वाटल्यासारखं तोंड केलं, पण माती काही दिली नाही, जप्तीच्या पेटीत टाकली. जोंधळाही गेला. मी खाली फरशीवर बसलो आणि म्हणलं, "मला पण टाका त्या पेटीत." फोनवरचा माणूस हे सांगायला तयार होईना.

पण एक गोष्ट खरी लिहितो. त्या बाईनं टाकांना लागलेली माती बारीक कुंचल्यानं झाडली, ओल्या फडक्यानं एकेक पुसला, पांढऱ्या कागदावर तोंड वर करून ओळीनं मांडला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं सरकवला. मला तिच्यावर रागवायचं होतं. ते काही नीट जमलं नाही.

रेखाचं घर गावाच्या पार कडेला. ती आणि जावई सकाळी कामाला जायचे, मी दिवसभर खिडकीत. घटस्थापना उद्यावर आली तेव्हा रेखानं दुकानातून मातीची पिशवी आणली. मी हात घातला. लाकडाचे तुकडे, सालपटं, वर खताचा वास.

"ही माती नाय, भुसा हाय. यात देवी बसवायची का सुतार?"

"बाबा, इथं दुकानात हीच मिळते."

जावई स्वभावानं गरीब. तो म्हणाला, "बाबा, यंदा फोटोला हार घालू. मोबाइलवर दर्शन पण होतं हल्ली."

"मग भाकरीही त्यातच बघून पोट भरा, जावईबापू."

त्यात अण्णाचा फोन. तोंड दिसायचा फोन, त्यामुळं त्याचं हसूही दिसलं. "काय, बसतोय का उद्या घट? का माघारी येतोस? ये, तुझी खाट काढून ठेवतो." मी म्हणलं, "उद्या बघ." म्हणून गेलो खरा, पण माझ्या हातात काय होतं? झोपताना मनात आलं की अण्णाचंच खरं असावं. माणसानं आपल्या मातीत मरावं, हट्ट करू नये.

सकाळी ती दोघं गेली आणि मी टोपी घालून बाहेर पडलो. कुठं जायचं ते ठरवलं नव्हतं. घरात बसून त्या भुशाकडं बघवत नव्हतं एवढंच. चालता चालता किती तरी महिन्यांनी देवीशी बोललो, तेही शिवी द्यावी तसं. म्हणलं, "हे बघ, मी कौसल्याला शब्द दिला, तुला नाही. माझी माती घेतली, धान्य घेतलं, बायको तर आधीच घेतली. आता मी काही करणार नाही. तुला बसायचं असंल तर तुझी जागा तू बघ. नसंल बसायचं तर माझ्या मागं लागू नको."

घरं संपली, फुटपाथ संपला, नुसता रस्ता उरला. ऊन चढलं, पाय भरून आले, घर कुठल्या वळणावर राहिलं ते कळेना. एका उंच झाडाखाली बसलो. तेवढ्यात मागं उघडी असलेली एक गाडी येऊन थांबली. गाडीतून उतरली एक म्हातारी. माझ्याच वयाची, उंच, पायात गुडघ्याएवढे बूट, डोक्याला मळकी हॅट, खाली पांढरे मोकळे केस. ऐकणारे नंतर मला विचारतात, म्हणून सांगतो, गाडीत मागं सिंह नव्हता. कुत्रं होतं.

ती काहीतरी विचारत होती. माझं तिच्याकडं लक्षच नव्हतं. मी तिच्या गाडीच्या चाकाकडं बघत होतो. चाकाला चिखल वाळून बसला होता. काळा. गुडघ्यावर रांगत गेलो आणि नखानं खरवडून काढला. थुंकी लावून मळला, दोन बोटांत वळी वळली. आमच्याकडं रान घेताना माती अशीच बघतात. वळी तुटली तर रान हलकं, न तुटता लांबत गेली तर भारी काळी. ती लांबत गेली. तुटेचना.

मान वर केली तर म्हातारी माझ्याशेजारी उकिडवी बसलेली. तिनंही चाकावरचा चिखल काढला, हातावर थुंकली आणि वळी वळून माझ्यापुढं धरली. तिची माझ्यापेक्षा लांब झाली होती. ती हसली. मीही हसलो. कौसल्या गेल्यानंतर पहिल्यांदा.

रेखानं माझ्या खिशात नंबराचा कागद घालून ठेवला होता, तो दिला. तिनं फोन लावून माझ्या हातात दिला.

"बाबा! कुठं आहात तुम्ही?"

"ते मला काय माहीत, या बाईला इचार. आन् तिला हेही इचार, ही माती कुठली?"

दोघींचं बरंच बोलणं झालं. रेखानं सगळं सांगितलं असावं, आई, घट, विमानतळ, सगळं. म्हातारीनं ऐकताना एकदा हॅट काढून परत घातली. मग रेखाचा आवाज आला, रडतीय का हसतीय कळेना. "बाबा, ती म्हणते, माती किती पाहिजे? मूठभर का गाडीभर?"

थोडं पुढं गेलो आणि तिचं रान आलं. काय सांगू! नजर जाईल तिथवर काळं. हात आत जाईल एवढ्या भेगा. गंगापूरच्या रानात उन्हाळ्यात पडतात त्याच. साता समुद्रापलीकडं, ज्या मुलखात माझ्या भाषेतलं एक अक्षर कुणाला येत नाही, तिथं माझी माती मला ओळखून बसली होती. मी ढेकूळ छातीशी धरलं आणि लहान पोरासारखा रडलो. म्हातारीनं पाठ फिरवली आणि कुत्र्याशी बोलत उभी राहिली. शहाणी बाई. मग खोरं घेऊन आली, वरचा वाळका थर बाजूला सारला आणि खालची ओलसर माती माझ्या उपरण्यात घातली. मीही तशीच घेतली असती.

परतताना तिनं तिच्या शेडात नेलं. तिथं कोंबड्यांपुढं ती दाणे टाकत होती. वाकून बघतो तर जोंधळा! आम्ही ज्याची भाकरी खाऊन मोठे झालो, तो तिकडं कोंबड्या खातात. मी ओंजळ पुढं केली. तिनं भरली.

त्याच दिवशी, रेखा कामावरून आल्यावर घट बसवला. रेखा लांब उभी होती. "बाबा, मी हात लावला तर चालेल का? मी तर आता..."

"लाव. तुझ्या आईच्या पोटची हाईस का नाय? मग बस इथं."

ती माझ्या डाव्या हाताला खाली बसली. माती पसरताना मी देवीला म्हणलं, "जोडपं तू मोडलंस. आता जे उरलंय ते घे." आणि दिवा लावला.

तिसऱ्या माळेला कोंब दिसले. दसऱ्याला धन असं दाट आलं की पत्रावळ दिसेना. अण्णाला फोनवर दाखवलं. त्यानं तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं. मग म्हणाला, "दाट आलंय रं." भावाकडून तेवढं पुष्कळ झालं.

आमच्याकडं पुरुष धन टोपीत खोवतात. मी माझ्या टोपीत खोवलं आणि रेखाला म्हणलं, त्या बाईकडं चल. म्हातारी कुंपणाशी तार बांधत होती. मी धनाची जुडी पुढं केली आणि तिच्या हॅटकडं बोट दाखवलं. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. नुसती वाकली. मी ते हॅटच्या पट्टीत खोवलं आणि माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते मी अजून स्वतःला विचारलेलं नाही.

लोक शरण जाण्याच्या गोष्टी सांगतात. मला ते मऊ बोलणं जमत नाही. मी तर भांडून, रागानं म्हणालो होतो की तुझी जागा तू बघ. पण म्हणालो, आणि हात काढून घेतला, हे खरं. तिला बहुतेक तेवढंच लागत होतं. तिचे उपकार मी मानतो. कौसल्याचा हिशेब मात्र सोडलेला नाही. तो भेटल्यावर विचारीनच. तोवर दिवा रोज लावतो. भांडायचं म्हणलं तरी समोरच्याचं तोंड दिसायला पाहिजे.